सचिन सोडून अजून कुठल्या खेळाडूच्या रिटायरमेंटचं तुम्हाला मनापासून वाईट वाटलं?

मारियानो रिवेरा. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर. इथे सगळे क्रिकेटवाले असणार हे माहितीये, पण आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा लिटल लीगला जायला लागला आणि त्याच्या नादाने मलाही बेसबॉलचं खूळ लागलं. त्यात २०१३ साल असं निघालं की सप्टेंबरमध्ये हा गेला आणि नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर सचिन. सावरायलाही वेळ दिला नाही मेल्यांनी.

आधी थोडं सांगते, नाहीतर म्हणाल एवढं काय त्याच्यात. तो क्लोजर होता, म्हणजे टीम एक-दोन-तीन रन्सनी पुढे असताना शेवटी येऊन मॅच हातातून जाऊ न देणारा. तसं केलं की पिचरच्या नावावर सेव्ह लागतो. याचे ६५२ आहेत, तेव्हाचा रेकॉर्ड. पनामाच्या कोळ्याचा पोरगा, बापाबरोबर बोटीवर काम केलेला, आणि ही सगळी कमाई जवळजवळ एकाच बॉलवर, कटरवर. आपला लेगकटर असतो ना तसाच, फक्त टप्पाबिप्पा नाही, हवेतच अगदी शेवटच्या क्षणी वळणार. डावखुरा बॅटर असला की थेट त्याच्या मुठीपाशी घुसणार आणि बॅटचे तुकडे. समोरच्याला पक्कं ठाऊक असायचं काय येणार आहे ते, तरी काही चालायचं नाही! शेवटच्या वर्षी जिथे मॅच असेल तिथले लोक त्याला काही ना काही भेट देत होते, तर मिनेसोटाच्या टीमने त्याला तुटलेल्या बॅट्सची डोलखुर्ची करून दिली. सगळ्यात भारी गिफ्ट.

आणि हो, तो हरलाही आहे. २००१ च्या वर्ल्ड सिरीजची (म्हणजे बेसबॉलची फायनल) सातवी, निर्णायक मॅच त्याच्याच हातून गेली. पण चेहरा जिंकल्यावर जसा तसाच हरल्यावर, आदळआपट नाही काही नाही. मला तो आवडायचा तो मुख्य म्हणजे यासाठी.

२०१२ मध्ये प्रॅक्टिसला कॅच पकडताना गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, वय बेचाळीस, सगळ्यांना वाटलं संपलं. तर हा पुढच्या वर्षी परत आला, आधीच सांगून टाकलं की हे शेवटचं वर्ष आणि त्या वर्षात ४४ सेव्ह काढले. म्हणजे खेळता येत नव्हतं म्हणून गेला असं अजिबात नाही, आणि वाईट त्याचंच जास्त वाटलं.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच २६ सप्टेंबरला. यांकीज हरत होते, प्लेऑफची आशा आदल्याच दिवशी संपलेली, म्हणजे सेव्हचा प्रश्नच नव्हता. तरी आठव्या इनिंगला आला (बेसबॉलच्या मॅचमध्ये छोट्या छोट्या नऊ इनिंग असतात), चार जण आउट केले. मग नवव्या इनिंगमध्ये त्याला काढायला मॅनेजरने स्वतः न जाता डेरेक जीटर आणि अँडी पेटिटला पाठवलं, अंपायरला आधी विचारून. नव्वदच्या दशकापासूनचे तिघं सोबती. पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून हा माणूस हमसून हमसून रडला, ज्याला इतकी वर्षं कुणी साधा चिडलेला बघितला नव्हता. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, त्या म्हणाल्या, "हरले म्हणून रडतोय का गं?" मला काही बोलताच येईना.

नंतर ह्यूस्टनला तीन मॅचेस बाकी होत्या. त्याला गंमत म्हणून पिचिंगऐवजी सेंटर फील्डला, म्हणजे लांब फिल्डिंगला, खेळवायचं अशी चर्चा पण होती (त्याची फार जुनी इच्छा), पण तो उतरलाच नाही. मुलगा तेव्हा जाम हिरमुसला. मला विचाराल तर बरंच केलं, तिथे अजून एक इनिंग टाकून काय मिळणार होतं? पुढे २०१९ ला बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तो ४२५ पैकी ४२५ मतांनी, असं आधी कुणाचंच झालं नव्हतं, जुन्या काळचा सगळ्यात गाजलेला बेब रूथ, त्याचं पण नाही.

व्हिडिओ बघणार असाल तर सप्टेंबरच्या आधी त्याच वर्षीचा जुलैचा ऑल-स्टार गेम (सगळ्या टीम्समधल्या निवडक खेळाडूंची मॅच) बघा. आठव्या इनिंगला तो पळत येतो तेव्हा बाकी सगळे खेळाडू मुद्दाम डगआउटमध्येच थांबतात आणि टाळ्या वाजवतात, अख्ख्या मैदानात तो एकटा. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही अडत नाही.