जुना सेकंडहँड पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी) घेतलाय. पंखा चालतो, पण ऑगर (पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू) फिरत नाही. कंट्रोल बोर्ड गेला असेल का?

‘बोर्ड गेला असेल का’ हे वाचलं आणि राहवेना. या एका वाक्यापायी आमचे 310 डॉलर गेलेत आणि दाजींशी अजून सरळ बोलणं नाही.

आम्ही न्यू हॅम्पशायरला असतो. स्टोव्ह जुनाच घेतलेला, आणि जानेवारीत बाहेर उणे 18 असताना तो बसला. लक्षणं हुबेहूब तुमचीच: धुराचा पंखा घुमतोय, पेलेट पेटवणारा इग्नायटर लाल होतोय, पण पेलेट काही पडेनात. दाजी नेमके न्यू जर्सीहून आलेले. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यामुळे मल्टिमीटर डब्यातून निघायच्या आधीच निदान तयार. त्यांनी ऑगरच्या मोटरला थेट 120 व्होल्ट दिले. फिरली. “मोटर चांगली, म्हणजे बोर्डच.”

मधला भाग त्यांनी गाळला. बऱ्याच मॉडेलांत मोटरच्या लाइनमध्ये सिरीजला व्हॅक्यूम स्विच असतो. धुराड्याला ओढ नसेल तर तो मोटरपर्यंत करंटच जाऊ देत नाही. मी म्हटलं, आधी ते बघूया का? तर, “अरे, पंचवीस वर्षं मी हेच करतोय!” झालं. बोर्ड मागवला, चार दिवस आम्ही घरात जॅकेट घालून जेवलो, बोर्ड बसवला. ऑगर ढिम्म.

ते गेल्यावर मी टॉर्च घेऊन स्टोव्हच्या मागे आडवा पडलो. स्विचची सिलिकॉनची नळी दुसऱ्या टोकाने काढली आणि तोंडाने हलकेच हवा ओढली. आतून ‘टिक्’. म्हणजे स्विच ठणठणीत. नळी जिथे बसते ती तोटी मात्र राखेनं गच्च. कागदाची क्लिप सरळ करून आत फिरवली तर चिमूटभर काळा भुगा तळहातावर आला. चिमूटभर! जुनाच बोर्ड परत लावला आणि थोड्या वेळात पहिला पेलेट भांड्यात टण्णकन पडला. त्याच बोर्डवर आता पाचवा हिवाळा चाललाय. दाजींचं म्हणणं, बोर्ड काढघाल करताना लूज कनेक्शन नीट बसलं. बरं.

तर तुमचं. फ्यूज बघितलाच असेल. मग हॉपरच्या (पेलेट भरायच्या टाकीच्या) झाकणाचा स्विच, मग ती नळी आणि तोटी (नळीला चीर गेली असेल तरी हेच होतं), मग जास्त तापल्यावर तुटणारा हाय लिमिट स्विच. त्यावर बहुधा छोटं रिसेटचं बटण असतं. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. स्टोव्ह उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडून असेल तर नक्कीच. बोर्ड सगळ्यात शेवटी. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा उघडला की दुकानं सहसा परत घेत नाहीत, हे कुणी आधी सांगत नाही.



आणि हो, प्लग काढल्याशिवाय मागचं कव्हर उघडू नका. व्हॅक्यूम स्विचला जंपर (स्विच वगळून थेट जोडणारी वायर) लावून बघायचं तर मिनिटभर, समोर उभं राहून. तसाच ठेवून झोपलात तर धूर घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत हवा. हे दाजींनीच बजावलं होतं. तेवढं त्यांचं बरोबर.

नवा बोर्ड आमच्या गॅरेजमध्ये खोक्यात तसाच आहे. तुमचं मॉडेल कुठलं?