वाचकांचे प्रश्न : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचताना

प्रश्न : टॉल्किनची ही कादंबरी दोनदा हाती घेतली, दोन्ही वेळा टॉम बॉम्बाडिल या गूढ रानवासीयापाशी अडकलो. ती प्रकरणं गाळली तर चालेल का?

उत्तर : कादंबरीचे तीन खंड, प्रत्येक खंडात दोन भाग. त्यांतल्या पहिल्या भागातली सहा ते आठ ही प्रकरणं संथ आहेत, यात वाद नाही. हॉबिटांच्या, म्हणजे बुटक्या नायकांच्या, मागावरचे काळे स्वार तिथे दिसेनासे होतात, आणि दुष्ट सॉरॉनची जादुई अंगठी बोटात घालूनही बॉम्बाडिलला काहीच होत नाही म्हटल्यावर तिची धास्तीही ओसरते. सातवं प्रकरण, विशेषतः त्यातली गाणी, खुशाल चाळा. आठवं मात्र गाळू नका. थडग्यातून सुटका झाल्यावर बॉम्बाडिल हॉबिटांना पुरातन खंजीर देतो. अँगमारच्या दुष्ट राजाशी लढलेल्या माणसांनी ते घडवलेले असतात. पाचव्या भागात तोच राजा नाझगूलांचा, म्हणजे त्याच काळ्या स्वारांचा, म्होरक्या म्हणून समोर येतो. मेरी या हॉबिटाचा खंजीर त्याच्या गुडघ्यामागे घुसतो, तेव्हाच एओविन या वीरांगनेचा वार त्याला संपवू शकतो. आठवं प्रकरण वाचलेलं नसेल, तर हा निव्वळ योगायोग वाटतो. शेकडो पानं आधी पेरलेली वस्तू अशी नेमक्या जागी उगवते, हे या कादंबरीचं सर्वांत मोठं बळ आहे.

प्रश्न : दुसऱ्या खंडात आधी अकरा प्रकरणं अंगठी वाहणारा हॉबिट फ्रोडो गायब, मग दहा प्रकरणं फक्त फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि त्यांचा वाटाड्या गोलम. तारखा जुळवून आलटून-पालटून वाचू का?

उत्तर : पहिल्या वाचनात मुळीच नको. चौथा भाग संपतो तेव्हा फ्रोडो जिवंत, पण शत्रूच्या ताब्यात असतो. पाचव्याच्या शेवटी सॉरॉनचा दूत त्याचं मिथ्रिल या दुर्मिळ धातूचं चिलखत सगळ्यांसमोर धरतो. सॅमने त्याला सोडवल्याचं सहाव्या भागात कळतं. ते आधीच वाचलंत, तर या प्रसंगातली सगळी भीती निघून जाते. दुसऱ्या वाचनाला परिशिष्ट ‘बी’मधली तारीखवार नोंद शेजारी ठेवा, मजा येईल.

प्रश्न : मग खरा दोष कोणता? लांबी?

उत्तर : लांबी नव्हे. खरा दोष आर्वेन, म्हणजे राजपदाचा वारस अ‍ॅरागॉर्न याची प्रेयसी. एओविनची घुसमट पानापानांतून जाणवते. आर्वेन मात्र जेमतेम दिसते आणि सहाव्या भागात एकदम लग्नालाच येते. तिची आणि अ‍ॅरागॉर्नची कथा टॉल्किनने परिशिष्ट ‘ए’मध्ये टाकली, आणि लग्नाचा प्रसंग त्यामुळे कोरडा राहिला. सहाव्या भागाचं पाचवं प्रकरण संपलं की लगेच ती कथा वाचा. त्याआधी नको, कारण तिच्यात युद्धाचा निकाल आहे.