शंका-समाधान : कर्नल लॉग वाचताना

प्रश्न : लिनक्स सर्व्हरच्या डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी आज्ञा) काही दिवसांपासून ‘एटीए३.०० : एक्सेप्शन ईमास्क’, ‘फेल्ड कमांड : रीड एफपीडीएमए क्यूड’, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ आणि शेवटी ‘आय/ओ एरर, डेव्ह एसडीबी’ अशा ओळी शेकड्यांनी येत आहेत. डिस्क बदलायची का?

उत्तर : आधी बॅकअप घ्या. बदलायचे काय, ते त्यानंतर ठरवता येईल. ‘आय/ओ एरर’ ही साखळीतली शेवटची ओळ आहे. वरच्या थराला वाचन जमले नाही, एवढेच ती सांगते. कारण तिच्या वर, ‘फेल्ड कमांड’नंतरच्या दोन-तीन ओळींत असते. तिथे ‘रेस’ने सुरू होणारी ओळ पाहा. तिच्या शेवटी कर्नल कंसात ‘मीडिया एरर’, ‘एटीए बस एरर’ किंवा ‘टाइमआउट’ असे लिहितो. त्याखालच्या ‘एरर’ ओळीत महिरपी कंसात ‘यूएनसी’ असेल, तर तो सेक्टर डिस्कलाच वाचता आलेला नाही, म्हणजे दोष डिस्कच्या आत आहे. ‘आयसीआरसी’ असेल, तर डेटा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत बिघडला आहे. अशा वेळी केबल, कनेक्टर किंवा बॅकप्लेनवर (डिस्क ज्या बोर्डमध्ये बसवतात तो) संशय घ्या. चांगली डिस्क काढून फेकली जाते ती बहुतेक इथेच, कारण दोन्ही प्रकारांत शेवटची ओळ सारखीच दिसते. नुसता ‘टाइमआउट’ असेल, तर दोन्ही शक्यता उरतात. वीजपुरवठा कमी पडत असला तरीही हेच दिसते.

‘एटीए३’ म्हणजे नेमकी कोणती डिस्क, हे अंदाजाने ठरवू नका. ‘एलएस -एल /सिस/ब्लॉक’ चालवा. ज्या दुव्याच्या मार्गात ‘एटीए३’ येते, ती तुमची डिस्क. मग ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी’ने (डिस्कच्या आरोग्याच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) या चार क्रमांकांपुढचे आकडे लिहून घ्या : ५ (बदललेले सेक्टर), १९७ (निकालाच्या प्रतीक्षेत असलेले), १९८ (न सुधारता येणारे) आणि १९९ (सीआरसी, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या, चुका). १९७ किंवा १९८ शून्यापेक्षा जास्त असतील आणि रोज वाढत असतील, तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल, तर केबल बदला. केबल बदलल्यावर १९९ शून्यावर येत नाही, तो आकडा कायमचा साठलेला असतो. म्हणून जुना आकडा टिपून ठेवा, डिस्कवर भार टाका आणि वाढ थांबली का ते पाहा.

फाइल सिस्टिम ‘रीड-ओन्ली’ झाली असेल, तर ती जबरदस्तीने पुन्हा लिहिण्याजोगी करू नका. पुढचे नुकसान टाळण्यासाठीच ती बंद झालेली असते. दोष डिस्कमध्येच असेल, तर तिच्यावर थेट एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवणेही घातक आहे, कारण दुरुस्ती म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर आणखी लेखन. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा. एक बारकावा : एररमधला सेक्टर क्रमांक नेहमी ५१२ बाइटच्या मापात असतो. ४०९६ बाइटच्या ब्लॉकचा क्रमांक हवा असेल, तर आधी त्यातून पार्टिशनच्या सुरुवातीचा सेक्टर वजा करा आणि मग ८ने भागा.

प्रश्न : मशीन रात्री आपोआप रीस्टार्ट झाले. सकाळी डीमेसेजमध्ये फक्त नव्या बूटच्या नोंदी दिसतात. जुन्या कुठे गेल्या?

उत्तर : डीमेसेज ज्या बफरमधून वाचतो तो रॅममध्ये असतो, त्यामुळे रीस्टार्टबरोबर तो जातो. ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मागच्या बूटच्या कर्नल नोंदी मिळतात, पण जर्नल (सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या जर्नलडीने ठेवलेला लॉग) डिस्कवर साठत असेल तरच. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल, तर नोंदी बहुधा ‘/रन’मध्ये, म्हणजे पुन्हा रॅममध्येच राहतात. जर्नलडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘स्टोरेज=पर्सिस्टंट’ करा आणि सेवा रीस्टार्ट करा.

तरीही खरी शेवटची ओळ हातून निसटू शकते. पॅनिक (कर्नलचे स्वतःच कोलमडणे) झाल्यावर जर्नल लिहिणारी प्रोसेस चालत नाही, त्यामुळे सर्वांत महत्त्वाच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचत नाहीत. मशीनमध्ये रीस्टार्टनंतरही टिकणाऱ्या साठ्याची सोय असेल, तर त्या ‘/सिस/एफएस/पीस्टोअर’मध्ये सापडतात. सिस्टिमडी त्या ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोअर’मध्ये हलवते, म्हणून दोन्हीकडे पाहा. असे वारंवार होत असेल, तर नेटकन्सोल लावा. तो संदेश यूडीपी या नेटवर्क पद्धतीने थेट दुसऱ्या मशीनकडे पाठवतो.

‘सिसीटीएल कर्नल.पॅनिक’ या सेटिंगची किंमतही तपासा. ती ० असेल, तर पॅनिकनंतर मशीन जागीच थांबते, आपोआप रीस्टार्ट होत नाही. ती ० असूनही मशीन उठले आणि लॉग एखाद्या साध्या ओळीवर तुटला असेल, तर शोध वीजपुरवठा, तापमान आणि हार्डवेअर वॉचडॉगकडे (अडकलेले मशीन आपोआप रीस्टार्ट करणारा टायमर) वळवा.

प्रश्न : लॉगमध्ये ‘बॅकअप इन्व्होक्ड ओओएम-किलर’ (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) आणि पुढे ‘आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस’, पण मारला गेला तो डेटाबेस. मग दोषी कोण?

उत्तर : या दोन ओळींवरून ते ठरत नाही. ‘इन्व्होक्ड’च्या आधीचे नाव म्हणजे त्या क्षणी ज्याने मेमरी मागितली तो. त्याने अगदी थोडीच मागितलेली असू शकते. मारला जातो तो सर्वाधिक गुण असलेला, आणि गुण मुख्यतः व्यापलेल्या मेमरीवर ठरतात. खरा पुरावा या दोन ओळींच्या मधल्या तक्त्यात आहे. त्यातला आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली जागा) पेजमध्ये (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत) असतो, केबीमध्ये नव्हे. ४ केबीच्या पेजवर १५,००,००० म्हणजे ६०,००,००० केबी, साधारण ५.७ जीबी. हा चौपटीचा फरक सुटला, की सगळा हिशेब चुकतो. सगळ्या आरएसएसची बेरीज रॅमपेक्षा खूपच कमी भरत असेल, तर मेमरी प्रोसेसेसकडे नाही. मग वरच्या ‘मेम-इन्फो’ भागात ‘स्लॅब_अनरिक्लेमेबल’ आणि ‘शमेम’ पाहा. पहिला मोठा असेल तर कर्नल किंवा ड्रायव्हर, दुसरा मोठा असेल तर टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टिम) किंवा सामायिक मेमरी.

‘कन्स्ट्रेंट’ हा शब्द शोधायला विसरू नका. त्यापुढे ‘मेमसीजी’ असेल, तर मशीनची मेमरी संपलेली नाही. कंटेनरची किंवा सेवेची मर्यादा ओलांडली गेली आहे, आणि रॅम वाढवून काहीही साधणार नाही.

डेटाबेस वाचवण्यासाठी त्याचे गुण कमी-जास्त करणारा ‘ओओएम_स्कोर_अ‍ॅडज’ -१००० ते १००० या पट्ट्यात बदलता येतो. आमचा सल्ला -५००च्या आसपास राहण्याचा. -१०००ने ती प्रोसेस पूर्ण अभय मिळवते, आणि गळती तिच्यातच असेल तर कर्नल बाकीच्यांना एकेक करून मारत सुटतो.

प्रश्न : प्रत्येक बूटला ‘एसीपीआय बायोस एरर’ आणि ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... एरर -२’ लाल अक्षरांत दिसतात. काळजी करावी का?

उत्तर : सगळी उपकरणे नीट चालत असतील, तर नाही. पहिली चूक मदरबोर्डच्या एसीपीआय तक्त्यांतली (हार्डवेअरची माहिती कर्नलला देणारे तक्ते) असते आणि बायोस अपडेटनेच जाते. दुसरीतला -२ म्हणजे फर्मवेअरची (उपकरणात भरायच्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडली नाही. काही ड्रायव्हर नव्या आवृत्तीची फाइल आधी मागतात आणि नसल्यास जुनी घेतात, म्हणून पुढच्याच ओळींत जुनी फाइल लोड झाल्याची नोंद शोधा. मशीन निरोगी असताना डीमेसेजची एक प्रत जपून ठेवा. बिघाडाच्या दिवशी दोन प्रतींतला फरक काढला, की नेहमीचा गोंगाट आपोआप गळतो.

प्रश्न : ‘डीमेसेज’ला मोठ्या ‘टी’चा पर्याय दिल्यावर दिसणारी वेळ अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगशी जुळत नाही.

उत्तर : मशीन मध्ये सस्पेंड झाले असेल, तर तो काळ कर्नलच्या घड्याळात मोजला जात नाही, आणि ही वेळ चुकीची दिसू शकते. जुळवणी जर्नलच्या वेळेवरून करा.

प्रश्न : ‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ हा संदेश काही वेळा आला आणि नंतर आपोआप थांबला. अडचण मिटली असे समजायचे का?

उत्तर : बहुधा नाही. ‘कर्नल.हंग_टास्क_वॉर्निंग्ज’ ही गणती साधारणपणे १०पासून सुरू होते, दर इशाऱ्याला एकने घटते आणि ०वर आली की कर्नल गप्प होतो. टास्क अजूनही अडकलेलेच असू शकते. ‘पीएस’मध्ये ‘डी’ (बहुधा आय/ओची वाट पाहत अडकलेल्या) स्थितीतल्या प्रोसेस बघा आणि गणती -१ करा, म्हणजे इशारे मर्यादेशिवाय येत राहतील. मग रूट म्हणून ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये ‘डब्ल्यू’ हे छोटे अक्षर लिहा. अडकलेल्या सगळ्या टास्कचे कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले याची यादी) लॉगमध्ये उतरतील. ट्रेसमध्ये वरची फंक्शने सर्वांत अलीकडची असतात, आणि प्रश्नचिन्ह असलेल्या ओळी भरवशाच्या नसतात. ‘एनएफएस_’ने (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) सुरू होणारी नावे दिसली तर नेटवर्क आणि पलीकडचा सर्व्हर तपासा. ‘जेबीडी२’ किंवा ‘एक्सएफएस_’ (डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा कोड) दिसले तर त्याच वेळेच्या आसपास डिस्कच्या चुका आहेत का ते बघा. १२०चे ६०० करून पाहायचा मोह होईल, पण त्याने फक्त संदेश उशिरा येतो.