घरापुढची कॅरॅव्हॅन आणि एकटं हिच-लॉक

इथे विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : पहिलीच कॅरॅव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेतली आहे, घरापुढच्या मोकळ्या जागेत उभी करणार, मूव्हर (रिमोटनं कॅरॅव्हॅन हलवणारं यंत्र) बसवलेला आहे, हिच-लॉक म्हणजे पुढच्या जोडणीचं कुलूप आणून झालंय, आता पुढचा खर्च अलार्मवर करू की कॅमेऱ्यावर? माझं उत्तर : सध्या दोन्हींवर नको. आधी चाकाचं कुलूप घ्या. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो.

माझी पहिली कॅरॅव्हॅन चोरीला गेली तेव्हा हिच-लॉक लावलेलं होतं, आणि तेही चांगल्यापैकी. सकाळी बाहेर येऊन बघतो तर कुलूप जमिनीवर पडलेलं. धड, शाबूत. चावी घातली तर उघडलंसुद्धा. त्याच्या पोटात कॅरॅव्हॅनचं कपलिंग, म्हणजे मोटारीला जोडायचा पुढचा तुकडा, तसंच अडकून होतं आणि शेजारी दोन बोल्ट, दोन नट. चोरांनी कुलपाला हातच लावला नव्हता. कपलिंगचा पुढचा भाग मागच्या दांड्यावर बोल्टांनी बसवलेला असतो. त्यांनी पान्यानं ते बोल्ट सोडले, बरोबर आणलेलं दुसरं कपलिंग बसवलं आणि गाडी ओढून नेली. चाकाचा जॅमर, म्हणजे चाकाचं कुलूप, त्या रात्री माझ्या मोटारीच्या डिकीत होता. आदल्या रात्री भर पावसात सहलीहून परतलो होतो, जॅमर चिखलानं बरबटलेला, म्हटलं उद्या धुऊन लावू.

विमा कंपनीनं पुढे एकच प्रश्न विचारला : चाकाचं कुलूप त्या रात्री लावलेलं होतं का? पॉलिसीत दोन्ही कुलपांची अट होती, ती मी सही करताना वाचली होती आणि नंतर सोयीनं विसरलो होतो. दावा नामंजूर. भांडायला जागाच नव्हती.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे चोराच्या नजरेनं बघायला शिकलो. मोटार चोरायची तर त्याला इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा), स्टिअरिंगचं लॉक, चावी यांतून वाट काढावी लागते. कॅरॅव्हॅनला यातलं काहीच नसतं. ती बनलेलीच असते कुणीतरी ओढून नेण्यासाठी. टो-बॉलचं, म्हणजे ओढणाऱ्या गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कपलिंग बसतं त्याचं, माप बहुतेक देशांत 50 मिलिमीटर, म्हणजे कुणाचीही ओढणारी गाडी चालते. रस्त्यावरून जाणारी कॅरॅव्हॅन बघून कुणाच्या मनात शंकाही येत नाही. त्यात ब्रिटनसारख्या देशात कॅरॅव्हॅनला स्वतःचा नोंदणी क्रमांकच नसतो, मागे लावायची ती ओढणाऱ्या मोटारीची नंबरप्लेट. चोरानं स्वतःच्या गाडीच्या नंबराची पाटी मागे अडकवली की झालं. (जर्मनीत तसं नाही, तिथे कॅरॅव्हॅनची वेगळी नोंदणी होते.)

म्हणून 'चोरीच होणार नाही' असा बंदोबस्त शोधत बसू नका, तसा नसतो. बॅटरीवरच्या, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप कायमचं टिकत नाही. आपल्याला एवढंच साधायचंय की चोराला रात्र थोडी आणि सोंगं फार व्हावीत. जे काम पान्यानं चुपचाप होतं ते त्याला आवडतं. जिथे ठिणग्या उडवत, कर्कश आवाज करत बसावं लागतं तिथे तो सहसा थांबत नाही.

आता चाकाचं कुलूप. यात दोन जाती आहेत. एक जॅमरसारखा, चाकाला बाहेरून मिठी मारणारा. दुसरं चाकाच्या आऱ्यांमधल्या फटीतून आत जाऊन मागे चासीवर कायमच्या बसवलेल्या खोबणीत बोल्टानं पक्कं होणारं. अल्को कंपनीचं 'सिक्युअर' हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. माझा कौल दुसऱ्याला. त्यात चाक फिरत नाही आणि कुलूप न काढता निघतही नाही.

जॅमरच घ्यायचा असेल तर दुकानात दोन गोष्टी बघा. चाकाचे बोल्ट तो पूर्ण झाकतो का? झाकत नसेल तर चोर जॅमरसकट चाक काढून ठेवतो आणि स्वतःचं चाक चढवतो. दुसरं, टायरमधली हवा सोडली तर जॅमर सैल होऊन निघतो का? स्वस्तातले बरेच निघतात. पिवळाधमक रंग दिला म्हणजे लोखंड जाड होत नाही. रंगाचा उपयोग इतकाच की रस्त्यावरून दिसतो, आणि तो उपयोगही कमी नाही.

खोबणीच्या कुलपाचा एक वैताग आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी मला शिव्या द्याल. आऱ्यांमधली फट खोबणीच्या बरोबर समोर यावी लागते. पुढे-मागे ढकलत ती जुळवायला गेलात तर संध्याकाळ जाते. त्यापेक्षा पलीकडच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायची पाचर) लावा, हँडब्रेक सोडा, जॅकनं हे चाक जमिनीपासून जेमतेम उचला, हातानं फिरवून फट समोर आणा, कुलूप बसवा, जॅक उतरवा. सवय झाली की दहा मिनिटांचं काम. दोन अ‍ॅक्सल असलेल्या कॅरॅव्हॅनला दोन चाकांवर कुलूप लावायचं असेल तर याला पर्यायच नाही, कारण दोन्ही फटी एकाच वेळी आपोआप समोर येणं म्हणजे लॉटरी.

हिच-लॉक वाया गेलं असं मात्र मुळीच नाही. ते तुमच्या कपलिंगच्या नेमक्या मॉडेलसाठी बनलेलं आहे का आणि मागच्या बोल्टांची डोकी व नट झाकतं का, एवढं बघा. झाकत नसेल तर बदला. तरीही चोर पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला साखळी किंवा पट्टा बांधून ओढून नेऊ शकतो, म्हणून ते एकटं पुरत नाही. कुलपाचा दर्जा ओळखायला ब्रिटनमधल्या 'सोल्ड सिक्युअर'सारख्या संस्थेच्या चाचणीचा शिक्का बघा. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा पायऱ्या असतात; कुठल्या हत्यारांपुढे किती वेळ तग धरला यावर त्या ठरतात. वेष्टनावरचं 'हेवी ड्यूटी' वगैरे कोणीही छापतं.

या प्रश्नाला उत्तर देताना इथे कुणीतरी सल्ला दिलाय की चाकंच काढून घरात ठेवा, कॅरॅव्हॅन स्टँडवर उभी करा. मी एक हिवाळा केलं ते. चाकांच्या बोल्टांची मापं मोजकीच असतात आणि ठरवून येणारा चोर चाकं घेऊनच येतो. उलट चाकं नसल्यानं चाकाचं कुलूप लावायचं कुठे हा प्रश्न उरतो. स्टँडनाच कुलूप असेल तर गोष्ट वेगळी. पण आधी पॉलिसी वाचा, तिथे 'चाकाचं कुलूप' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ही हुशारी अंगाशी येईल. कॅरॅव्हॅनच्या कोपऱ्यातले चार पाय खाली सोडणं, त्यांना छोटी कुलपं लावणं, करा हवं तर. मी त्यावर झोप अवलंबून ठेवत नाही.

उभी कशी करता यावर बरंच अवलंबून आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. हिच, म्हणजे जोडणीचं पुढचं टोक, रस्त्याकडे ठेवली तर चोराला फक्त गाडी मागे घेऊन जोडायची असते. हिच भिंतीकडे आणि भिंतीला जवळपास टेकून ठेवलीत तर कॅरॅव्हॅन आधी हातानं ढकलून बाहेर आणून वळवावी लागते. त्यापुढे स्वतःची मोटार आडवी लावा. मोटार रोज कामावर नेत असाल तर दिवसभर ती जागा रिकामीच, तेव्हा तिथे वाट अडवणारा, कुलूप लावता येणारा खांब हवा. तो काँक्रीटच्या पायात गाडलेला असावा. फरशीला भोकं पाडून बोल्ट मारलेला खांब पहारीच्या दोन हिसक्यांत फरशीसकट वर येतो, मी आलेला पाहिलाय. खांबांतला मला सगळ्यांत आवडणारा प्रकार म्हणजे माथ्यावर टो-बॉल असलेला : कॅरॅव्हॅनचं कपलिंग त्या बॉलवरच बसवायचं आणि वरून हिच-लॉक लावायचं.

फाटक असेल तर बिजागऱ्या बघा. बहुतेक फाटकं वर उचलली की खिळीतून अलगद निघतात, मग कडीला कितीही मोठं कुलूप असो. वरची खीळ उलटी, म्हणजे टोक खाली करून बसवून घेतली की फाटक उचलता येत नाही.

मूव्हर बसवलेला आहे असं लिहिलंय तुम्ही. भिंतीला चिकटवून लावायला तो फार कामाचा. मात्र ज्या यंत्रानं तुम्ही ती अवघड जागेत घातली त्याच यंत्रानं चोर ती बाहेर काढू शकतो! रिमोट कॅरॅव्हॅनच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारे महाभाग मला माहीत आहेत, मीही त्यांतलाच होतो. रिमोट घरात ठेवायचा आणि बॅटरीचा प्रवाह तोडणाऱ्या स्विचची किल्लीही काढून घरात आणायची. मूव्हरचे रोलर टायरला लावून ठेवले की ब्रेकचं काम होतं असं काही जण मानतात. त्यावर विसंबू नका, टायरला खड्डे मात्र पडतात.

आता अलार्म आणि कॅमेरा. अलार्म आत शिरणाऱ्यासाठी चांगला. कॅरॅव्हॅन कलली की वाजणारा सेन्सर असेल तर ओढून नेणाऱ्यासाठीही. पण तो आतल्या बॅटरीवर चालतो. सोलर पॅनल नसेल, वीजजोड नसेल, तर काही आठवड्यांत बॅटरी उतरते आणि अलार्म गप्प. आत कोळी सेन्सरसमोरून फिरला किंवा वाऱ्यानं पडदा हलला की मध्यरात्री बोंब. तीन वेळा असं झालं की चौथ्या वेळी शेजारी उठत नाहीत, आणि आपणही उठत नाही. कॅमेरा काय झालं ते दाखवतो, होऊ देत नाही असं नाही. छपराजवळ उंच लावलात तर टोपीचा उत्तम फोटो मिळतो. चेहऱ्याच्या उंचीचा एक आणि गाडीचा नंबर टिपेल असा एक, असे दोन लावणार असाल तरच लावा. हालचाल झाली की लागणारा दिवा आणि जमिनीवर पसरलेली खडी, ही जोडी मला कॅमेऱ्याहून जास्त उपयोगाची वाटते. आणि आडोशासाठी उंच कुंपण घालण्याचा मोह टाळा. आडोसा चोरालाही होतो.

ट्रॅकरबद्दल कुणी विचारलं नाही, पण अलार्मचे पैसे मी तिकडे वळवीन. जीपीएसला आकाश दिसावं लागतं. चोरलेली कॅरॅव्हॅन पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कंटेनरमध्ये घातली की तो आंधळा होतो, आणि सिग्नल बंद पाडणारी यंत्रंही मिळतात. म्हणून जीपीएसच्या जोडीला रेडिओ लहरींवर माग काढता येईल असा ट्रॅकर असेल तर उत्तम. त्याला स्वतःची वेगळी बॅटरी हवी, आणि तो बॅटरीच्या कप्प्यात नको, चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतो. ट्रॅकर कॅरॅव्हॅन वाचवत नाही, परत मिळण्याची शक्यता वाढवतो. हा फरक विकणारा सांगत नाही.

ओळखीच्या खुणा करून ठेवा. चासीवरचा 17 अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे त्या वाहनाच्या ओळखीचा, नंबर लिहून घ्या, त्या पाटीचा फोटो काढा, खिडक्यांवर कोरलेला नंबर तोच आहे का पडताळा. ब्रिटनमध्ये 1992 पासून 'क्रिस' नावाची कॅरॅव्हॅनची नोंद या नंबरावरच चालते. शिवाय आत कपाटाच्या तळाशी, गादीखालच्या फळीवर, अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या पेनानं तोच नंबर लिहा. कॅरॅव्हॅन सापडल्यावर ती आपलीच आहे हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नसतं. पाटी तर पहिल्या तासात उखडली जाते.

आत काही ठेवू नका आणि काही नाही हे दिसू द्या. पडदे उघडे, कपाटांची दारं उघडी, टीव्ही घरात. जमलं तर बैठकीच्या गाद्याही घरात, त्यांना गिऱ्हाईक असतं आणि नव्या करून घ्यायला खर्च बराच येतो. दाराच्या कुलपावर विसंबू नका, या कुलपांच्या चाव्यांचे नमुने मोजकेच असतात. खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या, कड्या प्लॅस्टिकच्या. आत शिरणाऱ्याला त्या थांबवत नाहीत.

निगेचं एक सांगायचं राहिलं. महिन्यातून एकदा सगळी कुलपं उघडून-लावून बघा. आत घट्ट ग्रीस भरू नका, धूळ धरतं. ग्राफाइट किंवा कोरडं सिलिकॉन वापरा. कुलूप जड झालं की माणूस ते लावायचा कंटाळा करतो. लांब मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवलात तर ब्रेक चिकटतात, म्हणून उटी लावून तो सोडतात, आणि अशा वेळी तर चाकाच्या कुलपाचं महत्त्व दुप्पट. दोन्ही चाव्या आणि पावती जपा, कुलूप लावलेल्या अवस्थेतला फोटो काढून ठेवा. दावा करताना तेच मागतात.

सगळ्यांत नाजूक वेळ म्हणजे निघण्याची आदली रात्र आणि परतल्याची रात्र. कुलपं निघालेली, सामान भरायचं म्हणून कॅरॅव्हॅन रस्त्याच्या कडेला, आणि घरातले सगळे दमलेले. मी आता परतल्यावर आधी चाकाचं कुलूप लावतो, मग घराचं दार उघडतो. बायको हसते, हसू दे.

तुमच्या कपलिंगचा बाजूनं काढलेला एक फोटो आणि चाकाचा एक समोरून काढलेला इथे टाका. बोल्ट झाकले जातायत का आणि चासीवर खोबणी बसवायला जागा आहे का, ते बघून सांगतो. तोवर आज रात्री मोटार आडवी लावा.