प्रदूषित झालेला फिरायचा-पोहायचा तलाव सुधारायचा आहे; लोकांचा सहभाग टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की स्वच्छता मोहिमेच्या पहिल्या रविवारी झुंबड उडाली, महिन्याभरात चारपाच जणच उरले आणि पाणी मात्र तसंच हिरवंगार. मी एका तलावावर बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून पाणी मोजतो, त्या अनुभवावरून सांगतो: लोक आळशी नसतात. आपण त्यांना असं काम देतो, ज्यानं पाण्यात काहीच फरक पडत नाही.

काठावरच्या बाटल्या उचलायलाच हव्यात, पण पाणी हिरवं होतं ते प्रामुख्यानं फॉस्फरसमुळे. तो मैलापाण्यातून, धुण्याच्या पावडरीतून, खतातून येतो आणि एक ग्रॅम फॉस्फरसवर त्याच्या पाचशेपट वजनाचं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. कॅनडात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या तलावाचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन सोडला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवी झाली. वरून काढलेल्या त्या एका फोटोनं सामान्य माणसाला जे पटलं, ते अहवालांच्या गठ्ठ्यांनी पटलं नसतं. तुमच्या पहिल्या बैठकीत तोच फोटो दाखवा.

मग लोकांच्या हातात मोजमाप द्या. पाणी किती खोलीपर्यंत नितळ आहे हे मोजणारी सेकी चकती घरीही करता येते: २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आळीपाळीनं काळीपांढरी रंगवलेली, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. दुपारच्या सुमारास होडीच्या सावलीच्या बाजूनं ती सोडायची, गॉगल काढून. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, वर ओढताना पुन्हा दिसली की दुसरी खूण, आणि दोन्हींची सरासरी लिहायची. शाळकरी मुलंही हे नीट करतात (होडीत लाइफ जॅकेट आणि जाणता माणूस हवाच). दर पंधरवड्याला तोच आकडा काठावरच्या फलकावर लिहा. फिरायला येणारे थांबून वाचतात, मागच्या वेळी किती होता ते विचारतात. इथून तलाव त्यांचा होऊ लागतो.

पण खरा प्रश्न काठावर येणाऱ्यांचा नाहीच. ज्यांचं सांडपाणी नाल्यातून तलावात उतरतं, त्यांतल्या अनेकांनी तलाव पाहिलेलाही नसतो. त्यांना बोलावल्याशिवाय बैठक घेऊ नका. त्यांच्याशी आरोपाच्या सुरात बोलाल तर ते परत येणार नाहीत. त्यांचं गटार कुठे तुंबतं, मैला वाहून नेणारी वाहिनी का नाही, हे आधी ऐकून घ्या.

आणि निर्णय लोकांपुढे ठेवा, खर्चासकट. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टन या तलावात १९५५ साली तलाव बिघडत चालल्याचं लक्षण मानलं जाणारं शेवाळ सापडलं. एडमंडसन या शास्त्रज्ञानं पुढे काय होईल हे साध्या भाषेत सांगितलं, नागरिकांनी मोहीम उभारली. मार्च १९५८ मधला सांडपाण्याच्या व्यवस्थेचा पहिला प्रस्ताव मतदानात पडला, कारण त्यात वाहतूक, नियोजन असं बरंच काही कोंबलं होतं. सप्टेंबरमध्ये तो सांडपाण्यापुरता आणि लहान भागापुरता ठेवला, तेव्हा मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तलावातून वळवलं गेलं. १९६४ च्या उन्हाळ्यात चकती जेमतेम मीटरभर खोलीपर्यंत दिसायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती तीन मीटरच्या आसपास गेली. म्हणजे मागणी एकच असावी, स्पष्ट असावी आणि पैसे कशावर जाणार हे माणसाला कळावं.

हा तलाव खोल होता, म्हणून लवकर सावरला. उथळ तलावात गाळात साठलेला फॉस्फरस वर येत राहतो, त्यामुळे नाले बंद केल्यावरही काही वर्षं हिरवेपणा राहू शकतो. हे सुरुवातीलाच सांगा. ‘पुढच्या उन्हाळ्यात पोहाल’ असं आश्वासन कुणी दिलं, तर ते भर बैठकीत खोडून काढा. आश्वासन मोडलं की लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

एक गोष्ट मात्र उद्याच करा. पाण्यावर सांडलेल्या हिरव्या रंगासारखा तवंग असेल तर ते विषारी निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. तिथे मुलांना आणि कुत्र्यांना उतरू देऊ नका, स्वयंसेवकांनाही नाही, आणि तसा फलक लावा. श्रमदानाचा पुढचा रविवार काठावर न घालवता नकाशा घेऊन नाल्याच्या कडेनं वरच्या अंगाला चालत जा. कुठे कुठला पाइप उघडा पडतो, ते प्रत्येकानं फोटोसकट टिपून आणायचं.