ऑर्गनवाल्या बाईचा भुताचा पिक्चर

प्रश्न: परवा रात्री 'कार्निव्हल ऑफ सोल्स' नावाचा जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघितला, झोपच उडाली. तेव्हा चालला होता का हो?

उत्तर: छे, १९६२ ला आला आणि आपटला! त्याचा दिग्दर्शक हर्क हार्वी हा अमेरिकेतल्या कॅन्ससचा माणूस, शाळा-कारखान्यांसाठी छोट्या फिल्म बनवायचा, सॉल्ट लेकजवळचं साल्टएअर नावाचं ओसाड पडलेलं करमणुकीचं ठिकाण दिसलं आणि डोक्यात पिक्चरच शिरला, मग साधारण ३३ हजार डॉलरमध्ये तीनेक आठवड्यांत शूटिंग उरकलं, पांढऱ्या तोंडाचं भूतपण स्वतःच झाला (तेवढेच पैसे वाचले). पुढे टीव्हीवर रात्री-अपरात्री लागत राहिला तशी लोकांना चटक लागली, १९८९ ला परत थेटरात आला. रक्तबिक्त काही नाही, त्यातली बाई वाजवते तो ऑर्गनच (चर्चमधलं पेटीसारखं मोठं वाद्य) काटा आणतो. हार्वीने दुसरा मोठा पिक्चर मात्र केलाच नाही.