थर्मल दुर्बीण: मोठे भिंग की जोडवर्धक?

प्रश्न : थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या) दुर्बिणीच्या नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, वर्धक भिंग जोडल्यास दूरचे प्राणी अधिक स्पष्ट दिसतील का?

उत्तर : मोठे दिसतील, स्पष्ट नव्हे, कारण नेत्रिकेवरचा वर्धक दुर्बिणीतल्या पडद्यावर आधीच उमटलेले ठिपके फुगवतो. तपशील ठरतो तो पुढच्या, बहुधा जर्मेनियम या मूलद्रव्याच्या, भिंगाच्या नाभीय अंतरावर (भिंगापासून दूरची प्रतिमा स्पष्ट उमटते त्या अंतरावर): उष्णता टिपणाऱ्या संवेदकाचा पिक्सेल (चित्राचा एक ठिपका) 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्यास एक किलोमीटरवरील सुमारे 48 सेंटिमीटर रुंदी 25 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून एकाच पिक्सेलमध्ये सामावते, तर 50 मिलिमीटरच्या भिंगातून 24. मात्र नाभीय अंतराबरोबर भिंगाचा व्यासही वाढायला हवा, अन्यथा प्रत्येक पिक्सेलला मिळणारे अवरक्त (उष्णतेचे) प्रारण घटून चित्र खरखरीत होते. जर्मेनियम महाग, त्यामुळे खिशाला खरी झळ इथेच बसते. शिवाय दृश्यक्षेत्र निम्म्यावर येते आणि पळता प्राणी शोधणे जिकिरीचे होते. पायी फिरणाऱ्याला मी 35 मिलिमीटरचेच भिंग सुचवेन.